नवऱ्याला कांजिण्या, घरात साडेतीन महिन्यांचं बाळ. मदत हवी आहे

बाळ झोपलंय तेवढ्यात लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

गुरुवारी संध्याकाळी नवरा कणकण घेऊनच घरी आला. ऊन लागलं असेल म्हणून लिंबू सरबत दिलं. शुक्रवारी सकाळी दाढी करताना मानेवर दोन फोड दिसले, दुपारपर्यंत छाती-पाठ भरली. डॉक्टर बघताक्षणी म्हणाले, कांजिण्या. दोन आठवड्यांपूर्वी तो भाच्याच्या वाढदिवसाला गेला होता, तिथल्या एका मुलाला दुसऱ्याच दिवशी फोड आले होते. तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेलं.

फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते म्हणे. आणि बुधवारी, गुरुवारी, दोन्ही रात्री बाळ त्याच्या छातीवर झोपलं होतं. हे आठवलं की पोटात गोळा येतो.

पुण्यात वन बीएचके आहे. तो बेडरूममध्ये, दार बंद. मी, बाळ आणि सासूबाई हॉलमध्ये. बाथरूम एकच. त्याला दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्यात. सासूबाईंना लहानपणी होऊन गेल्यात, त्यामुळे ताट नेणं-आणणं त्याच करतात. पण त्यांच्या मते या 'देवी' आहेत, कांजिण्या म्हणायचं नाही, आणि औषधाने त्या 'आत राहतात'. (खऱ्या देवी जगातून गेल्याचं 1980 मध्येच जाहीर झालं, पण हे त्यांना कोण सांगणार!) उशाशी कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद. त्यावर माझं भांडण नाही, गोळ्या चालू राहिल्या म्हणजे झालं.

आता खरा प्रश्न. मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे कुणालाच आठवत नाही. आईला फोन केला तर म्हणते, "तुला की दादाला, एकाला नक्की झाल्या होत्या. कराडच्या घरात होतो आपण तेव्हा." बस, एवढंच.

अंगावर पाजत राहू ना? आणि बाळाला घेऊन दोन आठवडे माहेरी जाऊ का? तिथे मोकळं घर आहे, दादा-वहिनी आहेत, फक्त वहिनीला सातवा चालू आहे.

गवतीचहा:
अगं, माहेर विसर! बाळाला लागण झाली असेल तर ती दिसायला दहा ते एकवीस दिवस लागतात, आणि फोड दिसायच्या आधीच ते दुसऱ्याला देऊ शकतं. वहिनीला झाल्या नसतील तर गरोदरपणात हे दुखणं फार जड जातं. आहेस तिथेच राहा.

खारीबिस्किट:
माझ्या मुलीच्या वेळी आम्ही यातून गेलोय, तेव्हा आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं लिहिते. तुमच्या डॉक्टरांशी आजच फोनवर बोला. सरळ दवाखान्यात जाऊ नका, बाहेर बाकावर इतर तान्ही बाळं बसलेली असतात. आधी कळवलं की ते वेगळी वेळ देतात.

तुमचं आठवत नसेल तर रक्ताची तपासणी होते, कांजिण्यांची आयजीजी, अंगात त्यांची प्रतिकारशक्ती आहे का ते त्यात कळतं. ती सोमवारवर ढकलू नका. तुम्हाला प्रतिकारशक्ती नसेल तर संपर्क आल्यापासून तीन, फार तर पाच दिवसांत लस घेण्यात अर्थ असतो. स्तनपान चालू असतानाही ती घेता येते.

तुम्हाला होऊन गेल्या असतील तर पोटात असतानाच बाळाला तुमच्याकडून प्रतिपिंडं मिळालेली असतात. ती हळूहळू कमी होतात, पण साडेतीन महिन्यांच्या बाळाला बहुतेक वेळा बऱ्यापैकी आधार असतो. तरी झाल्याच तर सौम्य होण्याची शक्यता जास्त. बाळाला स्वतःची लस मात्र वर्षाच्या आत देत नाहीत. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ साधारण पंधराव्या महिन्यात पहिला डोस देतात. सरकारी लसीकरणात ती नाही, विचारून घ्यावी लागते.

अंगावर पाजणं थांबवू नका. बेडरूमच्या खिडक्या उघड्या ठेवा, हे हवेतून पसरतं, नुसतं ताट-वाटी वेगळी करून भागत नाही. त्यांना तापाला पॅरासिटामॉलच द्या, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको. बाळाला ताप आला, दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, श्वास भराभर चालला, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

तुरटी:
कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ, सात दिवसांत खडखडीत. आमच्याकडे कुणी गोळी घेतली नव्हती.

खारीबिस्किट:
तुरटी, तुमच्याकडे ते मुलांना झालं असेल. मोठ्या माणसांना न्यूमोनिया होऊ शकतो. पाला ठेवा, गोळ्याही घ्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला उशीर झाला. शनिवारीच रक्त दिलं, रविवारी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह! म्हणजे कराडला फोड आले ते मलाच. आईला कळवलं तर म्हणाली, "मग दादाला नाही झाल्या वाटतं," आणि तिने लगेच वहिनीच्या माहेरी फोन लावला. वहिनीला दुसरीत असताना झाल्या होत्या, शाळा बुडाल्यामुळे त्यांच्या घरी पक्कं लक्षात आहे.

बाळाचे डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा, पाजत राहा. नवरा आठव्या दिवशी बाहेर आला, सगळ्या फोडांवर खपली धरल्यावर. खपल्या गळून पडेपर्यंत थांबावं लागत नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. बंद दारापलीकडून तो रोज बाळाचा आवाज ऐकायचा आणि आज काय केलं विचारायचा. बाहेर आल्यावर बाळाने त्याच्याकडे बघून भोकाड पसरलं. दाढी वाढली होती ना.

आज सतरावा दिवस, चार राहिलेत. लंगोट बदलताना, तेल लावताना, टाळूपासून पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत रोज तपासते. काल मानेवर एक लाल ठिपका दिसला. मी, नवरा, सासूबाई, तिघंही बॅटरी घेऊन दोन तास त्या ठिपक्याभोवती बसलो होतो. डास चावला होता.

फोडणी अजून बंदच आहे. सासूबाई म्हणतात, एकवीस म्हणजे एकवीस.