चवड्यांवर चालणाऱ्या मुलासाठी टप्प्याटप्प्याचे प्लास्टर : करावे की नाही?

प्रश्न : आर्यनची आई

नमस्कार. माझा मुलगा सहा वर्षांचा असून त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार) आहे. दोन्ही पायांत ताठरपणा आहे, हात जवळजवळ ठीक आहेत. तो कुणाचा हात न धरता चालतो, पण चवड्यांवर. डावी टाच जमिनीला टेकतच नाही आणि डाव्या बुटाचे नाक दीड महिन्यात झिजून जाते. तिसऱ्या वर्षापासून व्यायाम नियमित चालू आहेत. तरीही गेल्या सहा महिन्यांत पोटरी ताणायला घेतली की पाऊल पूर्वीइतके वर येत नाही आणि जुन्या स्प्लिंटमध्ये (पाऊल धरून ठेवणाऱ्या साच्यात) टाच खाली बसत नाही. आता डॉक्टरांनी दर आठवड्याला बदलायची अशी तीन-चार प्लास्टरे सुचवली आहेत.

माझे मन कचरते त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी असेच प्लास्टर घातले होते. मुलगा रात्रभर रडत होता आणि फोन केला तर ‘मुले रडतातच’ एवढेच उत्तर मिळाले. पाचव्या दिवशी प्लास्टर काढले तेव्हा टाचेवर रुपयाएवढी जखम होती. शिवाय सासूबाईंचे म्हणणे असे की, पाय बांधून ठेवला तर आहे ती ताकदही जाईल. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : बालफिजिओ

ताई, आपल्या सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे, त्यामुळे ते उडवून लावू नये. प्लास्टरमध्ये राहिलेली पोटरी बारीक होते आणि काही काळ अशक्तही होते. पण दुसरी बाजूही पाहावी लागते. वाढत्या वयात हाड लांब होत जाते आणि ताठर स्नायू त्या वेगाने लांब होत नाही. दिवसातून अर्धा तास हाताने दिलेला ताण उरलेल्या साडेतेवीस तासांपुढे तोकडा पडतो. प्लास्टर पायाला ओढत नाही, तर सहज येते तिथपर्यंत आणलेले पाऊल तिथेच रात्रंदिवस धरून ठेवते. अशा सौम्य पण अखंड ताणाने स्नायू हळूहळू सैल पडतो. आठवड्याने प्लास्टर काढून, पाय धुऊन, कातडी पाहून, पाऊल आणखी जितके अंश वर येते, त्या स्थितीत पुढचे प्लास्टर घालतात. लागोपाठ दोन प्लास्टरांत काहीच फरक पडला नाही, तर तिथे थांबणेच योग्य.

मला मात्र सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे, आणि घाईच्या ओपीडीत ती सहज निसटते. पाऊल वर आलेले दिसते, पण ते घोट्यातून आले की तळव्याच्या मध्यातून? टाच आत वळवून धरली नाही, तर घोटा होता तिथेच राहतो आणि पाऊल मधोमध वाकते. मग बाहेरून काटकोन झालेला दिसतो, घरचे खूश होतात आणि प्रत्यक्षात तळव्याची कमान मोडलेली असते. म्हणून प्लास्टर घालताना एका माणसाने टाच व घोटा धरायचा आणि दुसऱ्याने गुंडाळायचे, असे दोघे लागतात. एकट्याने हे काम नीट होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे पाऊल किती अंश वर येते याचे, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून असे दोन वेगवेगळे आकडे लिहून दिलेले आहेत का?

उत्तर २ : मुलीचा बाबा

आमच्या मुलीला दोन्ही पायांना तीन आठवडे प्लास्टर होते, तेव्हा ती सात वर्षांची होती. रडण्याबद्दल आम्हाला शिकवलेला नियम सांगतो. पहिल्या रात्री मूल कुरकुरते, पण पाय उशीवर उंच ठेवल्यावर शांत होते. पाय उंच करूनही रडणे थांबत नसेल, बोटे निळी, पांढरी किंवा सुजलेली दिसत असतील, नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी होत नसेल किंवा प्लास्टरमधून वास येत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. आम्ही आणखी एक करत होतो: पहिल्याच दिवशी प्लास्टरच्या कडेपाशी बोटांवर पेनने रेघ मारून ठेवली होती. दुसऱ्या आठवड्यात डावीकडची रेघ आत गेलेली दिसली, म्हणजे पाय आत सरकून टाच वर उचलली गेली होती. आपल्या मुलाची जखम अशाच सरकण्याने झाली असण्याची शक्यता आहे. आम्ही त्याच दिवशी जाऊन ते बदलून घेतले.

खाज सुटली तरी विणायची सुई किंवा पट्टी आत घालू देऊ नका. प्लास्टर कापायच्या करवतीच्या आवाजाला मुलगी सर्वांत जास्त घाबरली. ते पाते गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते, हे डॉक्टरांनी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवले तेव्हा कुठे तिने पाय पुढे केला. तरी पाते तापते, म्हणून मधूनमधून थांबावे लागते. शेवटचे प्लास्टर निघाल्यावर ती पहिले चार दिवस नवख्या वासरासारखी लटपटत होती, ही तयारी मनाची ठेवा.

उत्तर ३ : अस्थिरोग विभागातील एक डॉक्टर

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत. एक गैरसमज मात्र दूर करतो, कारण शेजारीपाजारी हमखास उदाहरण दिले जाते. जन्मतः वाकड्या पावलांसाठी तान्ह्या बाळांना घालतात ती पोन्सेटी पद्धतीची प्लास्टरे गुडघ्याच्या वरपर्यंत असतात आणि त्यांत पावलाचा आकारच क्रमाने बदलला जातो. इथे आकार बदलायचा नसून आखडलेल्या पोटरीला लांबी द्यायची आहे, त्यामुळे ‘अमक्याच्या बाळाचा पाय कायमचा सरळ झाला’ ही तुलना इथे लावू नये. ताठरपणा मेंदूतून येतो आणि तो प्लास्टरने जात नाही; मिळालेली लांबी स्प्लिंटशिवाय काही महिन्यांत परत जाऊ शकते. म्हणून नव्या स्प्लिंटचे माप शेवटच्या प्लास्टरच्या वेळीच घ्यावे, म्हणजे मध्ये उघडे दिवस राहत नाहीत. ताठरपणा फार असेल, तर पोटरीत बोटुलिनम इंजेक्शन (ताठर स्नायू तात्पुरता सैल करणारे औषध) देऊन नंतर प्लास्टर घालण्याचाही मार्ग आहे. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. उघडी जखम, कमी रक्तपुरवठा, बधिर कातडी किंवा हाडातच पक्के झालेले व्यंग असेल, तर प्लास्टर घालू नये. टाचेवर जुना व्रण आहे हे आपण न विचारता सांगा, म्हणजे तिथे जास्तीचा कापूस घालता येईल.

आर्यनची आई

सर्वांचे मनापासून आभार. फाइल काढून पाहिली. डावा पाय: गुडघा वाकवून काटकोनाच्या वर ५ अंश, गुडघा सरळ ठेवून काटकोनाला १० अंश कमी.

बालफिजिओ

हा १५ अंशांचा फरक बोलका आहे. पोटरीच्या दोन स्नायूंपैकी वरचा स्नायू गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला जोडलेला असतो, तोच इथे जास्त आखडला आहे. गुडघ्याखालचे प्लास्टर घातले आणि मूल दिवसभर मांडी घालून बसले, तर या स्नायूला ताण पोहोचतच नाही. त्यामुळे प्लास्टरच्या बुटावर त्याला भरपूर उभे करा, चालवा, आणि रात्री गुडघा सरळ ठेवणारा पट्टा लावायचा का, हे डॉक्टरांना विचारा. दर आठवड्याला दोन्ही आकडे लिहून घ्या. दोन्ही मोजमापांच्या वेळी टाच कोणी धरली होती, हेही पाहा.