परळ मतदारसंघाचा इतिहास लिहिताना 2009 च्या पुढे काय धरावे?

प्रश्न – लालबागचा वाचक

नमस्कार. आमच्या चाळीतल्या वाचनालयात येत्या गणेशोत्सवासाठी परिसराच्या इतिहासाची भित्तिपत्रके लावायची आहेत, त्यांतील ‘आपले आमदार’ हे पत्रक माझ्याकडे आले आहे. जून 1970 मध्ये आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पोटनिवडणूक होऊन वामनराव महाडिक निवडून आले, इथपर्यंतचे सर्वांनाच ठाऊक आहे. अडचण पुढे आहे. 2004 नंतर परळ नावाचा मतदारसंघच सापडत नाही. लालबाग आज शिवडीत मोडते, म्हणून परळच्या खाली शिवडीचे आमदार लिहून यादी सलग पूर्ण करावी, असे कार्यकारिणीतील एका काकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडता येत नाही. वडिलांच्या ट्रंकेत जुन्या मतदार चिठ्ठ्या सापडल्या. 2004 च्या चिठ्ठीवर ‘परळ’ आहे, 2009 च्या चिठ्ठीवर ‘शिवडी’, आणि दोन्हींवर मतदान केंद्र म्हणून आमच्याच गल्लीतील पालिकेची शाळा, तीच खोली. मतदार जागचा हललेला नाही, मग मतदारसंघ बदलला असे म्हणायचे की फक्त पाटी बदलली?

उत्तर 1 – मतपेटी

आपली शंका रास्त आहे. पाटी बदलली एवढ्यावर हे संपत नाही. 1971 च्या जनगणनेवर आखलेल्या सीमा 1978 च्या निवडणुकीपासून लागू झाल्या आणि जागांची संख्या गोठवली गेल्यामुळे 2004 पर्यंत, म्हणजे जवळपास तीस वर्षे, त्याच राहिल्या. त्या काळात मुंबईच्या वाट्याला 34 जागा होत्या, निम्म्या शहरात आणि निम्म्या उपनगरांत. लोकवस्ती मात्र उत्तरेकडे सरकत होती. 2001 च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना 2008 मध्ये अमलात आली, तेव्हा मुंबईच्या जागा 36 झाल्या खऱ्या, पण शहराच्या 17 वरून 10 वर आल्या आणि उपनगरांच्या 26 झाल्या. सात जागा एकदम कमी करायच्या म्हटल्यावर नुसते नाव बदलून भागत नाही. परळ, चिंचपोकळी, माझगाव, दादर, नायगाव, खेतवाडी, उमरखाडी, नागपाडा, ऑपेरा हाऊस ही नावे गेली आणि त्यांचे तुकडे नव्या जोडणीने शेजाऱ्यांत वाटले गेले.

शिवडी हे नाव तर पुनर्रचनेआधीही होते, आणि काकांच्या यादीतली खरी गफलत इथेच आहे. 1999 आणि 2004 मध्ये शिवडीतून निवडून आलेले सचिन अहिर 2009 मध्ये वरळीतून उभे राहिले आणि जिंकले. त्याच 2009 मध्ये शिवडीतून जिंकलेले बाळा नांदगावकर त्याआधी सलग तीनदा माझगावचे आमदार होते. 1995 मध्ये छगन भुजबळांना हरवून ते प्रथम गाजले ते माझगावातच. म्हणजे जुन्या शिवडीचा आमदार वरळीला गेला आणि माझगावचा आमदार शिवडीत आला. कालिदास कोळंबकरांचेही तेच: 1990 पासून नायगाव, 2009 पासून वडाळा. हे अनुभवी उमेदवार हौसेने घर बदलत नव्हते, आपले मतदार कुठे गेले ते पाहून त्यांच्यामागे जात होते. तेव्हा 2004 च्या शिवडीची 2009 च्या शिवडीशी केवळ नावावरून तुलना करू नये. परळची तर नाहीच नाही.

उत्तर 2 – गिरणीचा भोंगा

वरील मांडणी मान्य आहे. माझा आक्षेप निराळा आहे: 1970 पासून परळ हा शिवसेनेचा अभेद्य गड होता, असा समज अशा पत्रकांतून नकळत पसरतो. ती पोटनिवडणूक महाडिकांनी 1,679 मतांनी जिंकली. त्यांना 31,592 आणि कृष्णा देसाईंच्या पत्नी, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या सरोजिनी देसाई यांना 29,913 मते होती. पतीच्या खुनानंतर चार महिन्यांत उभ्या राहिलेल्या त्या बाईंमागे गिरणगावाचा जवळपास निम्मा मतदार होता, हे विसरून चालणार नाही. शिवसेनेचे विधानसभेतील ते पहिले खाते, पण 1972 मध्ये पक्षाला राज्यात एकच जागा मिळाली आणि ती प्रमोद नवलकरांची, गिरगावची. 1978 मध्ये शून्य. 1980 मध्ये पक्षाने उमेदवारच दिले नाहीत. 1985 मध्ये पुन्हा एक, माझगावचे भुजबळ. म्हणजे पहिला आमदार देणारे परळ पुढे 1990 पर्यंत पक्षाकडे नव्हते.

‘गिरणी संप बुडाला आणि लाल बावट्याची जागा भगव्याने घेतली’ हे वाक्यही पत्रकात घालू नये, अशी विनंती आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि 1984 पर्यंत तो हरल्यात जमा होता. तरीही त्या वर्षअखेरीच्या लोकसभा निवडणुकीत, देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण-मध्य मुंबईने डॉ. दत्ता सामंतांना निवडून दिले. संप हरला तरी संपाचा नेता जिंकला. सेना तिथे आली 1989 मध्ये, आणि खासदार झाले ते हेच वामनराव महाडिक. मधली पाच वर्षे गाळली की इतिहास फार सोपा होतो.

आणखी एक नोंद परळच्या पत्रकात हवीच. 1990 मध्ये निवडून आलेले शिवसेनेचे विठ्ठल चव्हाण यांचीही 1992 मध्ये हत्या झाली. एकाच मतदारसंघाचे दोन आमदार पदावर असताना मारले गेले.

उत्तर 3 – यादी भाग क्रमांक

एक व्यावहारिक सूचना. सलग तुलना करायचीच असेल तर मतदारसंघ सोडून मतदान केंद्र धरावे. निकालानंतर निवडणूक अधिकारी जो फॉर्म 20 तयार करतात, त्यात केंद्रनिहाय मते असतात. आपल्या शाळेतील केंद्राचे आकडे 2004 आणि 2009 च्या तक्त्यांतून काढले तर तीच खोली, जवळपास तेच मतदार आणि बदललेले उमेदवार अशी खरी तुलना होईल. केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीत बदलतात, म्हणून शाळेच्या नावावरून शोधावे. वडिलांच्या चिठ्ठ्यांवर यादी भाग आणि अनुक्रमांक असेल. तो धागा हातात असताना चिठ्ठ्या टाकून देऊ नयेत.

शिवडीचे पुढचे थोडक्यात: 2009 मध्ये नांदगावकरांनी परळचे तेव्हाचे आमदार दगडू सकपाळ यांना हरवले, आणि परळ त्या निवडणुकीत कुठे गेले हे या एका लढतीवरून कळते. 2014, 2019 आणि 2024 मध्ये अजय चौधरी जिंकले. शेवटच्या खेपेस शिवसेनेच्या ठाकरे गटाकडून, आणि समोर पुन्हा नांदगावकर.

प्रश्नकर्ता – लालबागचा वाचक

सर्वांचे आभार. काकांना अहिर–नांदगावकर अदलाबदल सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे आपण मधल्या मध्ये माझगाववाल्यांचे झालो म्हणायचे.” ते काही खरे नाही, पण यादी सलग लावायचा हट्ट त्यांनी सोडला आहे. ‘परळ’ 2004 ला संपेल, ‘शिवडी’ वेगळ्या पत्रकावर 2009 पासून सुरू होईल, आणि मधल्या जागेत वडिलांच्या त्या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावू. फॉर्म 20 मधले आकडे मिळाले की इथे टाकतो.