मदत हवी आहे : डी.एल.एड.च्या मुलामुलींना 'गाणं शिकवायला' कसं शिकवू?

सुरपेटी (ठाणे)

नमस्कार मंडळी,

मी नौपाड्यात राहते. विशारद होऊन बरीच वर्षं झाली, घरीच पेटी आणि गाण्याच्या शिकवण्या घेते. गेल्या महिन्यात ओळखीतून एका अध्यापक विद्यालयातून विचारणा झाली. डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेच्या दुसऱ्या वर्षाच्या छात्राध्यापकांना कलाशिक्षणातला संगीताचा भाग शिकवाल का, दर शनिवारी दोन तास, सहा शनिवार. हो म्हणून बसले. पहिला शनिवार झाला आणि आता डोक्याला हात लावून हा धागा काढतेय.

एकूण ३४ जण. गाणं शिकलेल्या दोघी, त्याही प्रवेशिकेपर्यंत. एक मुलगा भजनी मंडळात पखवाज वाजवतो. बाकीच्यांचा गाण्याशी संबंध परिपाठापुरता. मी आपली नेहमीच्या सवयीनं तानपुरा लावला, काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. सा लावून घेतला, मग सारेगम, मग सासा रेरे गग. वीस मिनिटांत चित्र असं की चार मुली गातायत आणि बाकी सगळे वहीत सारेगम लिहून घेतायत. लिहून! एकानं हात वर करून विचारलंसुद्धा, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

मग पेटी मिटली आणि कोरे कागद वाटले. वर्गात गाणं घ्यायची भीती का वाटते ते लिहा, नाव घालू नका. अकरा चिठ्ठ्यांत एकच गोष्ट निघाली. शाळेत असताना कुणीतरी सांगितलं होतं, तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. एकीनं लिहिलंय की स्नेहसंमेलनात तिची आई पहिल्या रांगेत बसून कौतुकानं बघत होती आणि ही समूहगीतात ओठ हलवत होती. आईला अजून माहीत नाही.

हीच मुलं उद्या पहिली ते आठवीच्या वर्गांवर जाणार. उरलेल्या दहा तासांत यांना गायला शिकवू की शिकवायला शिकवू? ज्याला स्वतःला सूर लागत नाही त्याच्या हातात वर्ग कसा द्यायचा? आणि प्राचार्यांना प्रत्येकाची पाठ टाचणं (धडा कसा घेणार त्याची लेखी आखणी) फाइलला हवीत, ती वेगळीच कटकट.

पेन्शनीत_मास्तर

ताई, आधी ती काळी चार सोडा. ती तुमची पट्टी, पोरांची नव्हे. बाईमाणसाचा काळी चारचा सा म्हणजे दुसरी-तिसरीच्या पोरांना विहिरीचा तळ. खाली पोचता येत नाही म्हणून ती गुरगुरतात आणि आपण म्हणतो बेसूर आहेत. मधल्या सप्तकातली पांढरी दोन किंवा तीन धरा, आणि त्या सा पासून ध पर्यंत मावतील अशी गाणी निवडा. मी शहापूर-मुरबाडकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं काढली. निम्मे 'बेसूर' नुसती पट्टी बदलल्यावर सुरात आले.

पुरुष शिक्षकांची गोष्ट आणखी वेगळी. तो एक सप्तक खाली गातो. काही पोरं आपसूक वरच्या सप्तकात जातात, काहींना ते कळतच नाही. तिथं एखाद्या मुलीकडून पहिला सूर देववायचा, नाहीतर पेटीवर किंवा बासरीवर द्यायचा. मी खोट्या, म्हणजे मुद्दाम बारीक केलेल्या आवाजात द्यायचो. पोरं हसायची, पण सूर बरोबर उचलायची.

ठेकेदार

मास्तरांशी सहमत. माझी भर एवढीच की सुरापासून सुरुवातच करू नका. टाळीपासून करा. तुम्ही चार मात्रांचा तुकडा टाळीत वाजवा, वर्ग तोच परत देईल. मग मांडीवर, मग बाकावर. पोरं केरवा (आठ मात्रांचा ताल) हाताने वाजवायला लागली की 'धा गे ना ति न क धि न' बोल सांगा. आठ मात्रा फळ्यावर लिहून समजावणारे पाहिलेत मी. पोहणं फळ्यावर शिकवल्यासारखं.

आणि तो पखवाजवाला पोरगा वाया घालवू नका, तुमचा अर्धा वर्ग तोच सांभाळेल.

(आयडी बघून कुणी घराच्या बांधकामाबद्दल विचारू नये. तबला वाजवतो.)

ऐरोलीकर

कोडाय पद्धत बघा. झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) हे हंगेरीचे संगीतकार, शाळेतल्या मुलांचं संगीत शिक्षण त्यांनी गाण्यावर उभं केलं. प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते. खुणा मूळच्या इंग्लंडमधल्या जॉन कर्वेन यांच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. माझी मुलगी शाळेत हे शिकते, स्वर कुठे चढला-उतरला ते हातावर दिसतं.

ठेकेदार

आपल्याकडे काय स्वर कमी पडले म्हणून हंगेरीला जायचं?

पेन्शनीत_मास्तर

ठेकेदार, भांडू नका, दोन्ही घरं शेजारशेजारचीच आहेत. त्यांचा पहिला स्वर 'दो' आपल्या सा सारखाच हवा तिथे सरकतो. ते पोरांना पहिल्यांदा 'सो-मी' शिकवतात, म्हणजे आपला प आणि शुद्ध ग. पोरं गल्लीत एकमेकांना हाक मारतात ना, ती बहुतेक वेळा याच अंतरात असते. पुढे दो रे मी सो ला, म्हणजे सा रे ग प ध. आपला भूप रागच की! म आणि नी नसल्यामुळे अर्ध्या स्वराचं अंतर येत नाही, पोरं घसरत नाहीत. ताईंनी बिलावलाच्या, म्हणजे सातही शुद्ध स्वरांच्या सारेगमने सुरुवात केली, तिथे ग-म आणि नी-सां या दोन्ही जागांवर नवखा माणूस पडतो. प-ग, मग प-ध-प-ग, मग खाली सा. वाटल्यास हाताच्या खुणा घ्या, नाहीतर जिन्याच्या पायऱ्यांवर उभं करा.

खाडीपल्याड

मी घणसोली गावातली, सेक्टरातली नाही :) महापालिकेच्या शाळेत सातवी-आठवीला शिकवते. तिकडचं थोडं सांगते.

मुलगे आवाज फुटायच्या वयात असतात. सहावीत छान गाणारा मुलगा सातवीत एकदम गप्प होतो आणि आपल्याला वाटतं मस्ती वाढली. छात्राध्यापकांना हे आधीच सांगून ठेवा. अशा मुलाला चारपाच स्वरांत मावणारं द्यायचं, पोवाड्यासारखं जोरात म्हणायचं द्यायचं, ढोलकी द्यायची, पण एकट्याला उभं करून गायला लावायचं नाही.

दुसरं, मोबाईलवर ट्रॅक लावून 'म्हणा त्याच्याबरोबर' हा रोग फार पसरलाय. ट्रॅकची पट्टी मोठ्या गायकाची, आणि स्पीकरच्या आवाजात मुलं गातात की ओरडतात हे शिक्षकाला ऐकूच येत नाही. मोबाईल हवा तर तानपुऱ्यापुरता. गाणं शिक्षकानेच आधी दोनदा पूर्ण म्हणावं, मग ओळ ओळ. आवाज कसाही असो. मुलांना बाईंचा आवाज आवडतो हो, आपल्यालाच आवडत नाही.

आणि नोंदी. आकारिक मूल्यमापनाला (वर्षभर चालणाऱ्या नोंदींना) 'गीत तालासुरात म्हणतो' असं सरसकट सगळ्यांच्या नावापुढे उतरवलं जातं (मीही उतरवलंय). छात्राध्यापकांकडून खरी नोंद लिहून घ्या : 'ठेका दोन ओळी धरतो, तिसरीला पळतो.' असं लिहायचं तर आधी ऐकावं लागतं.

शेवटचं. त्यांना घरचं गाणं आणायला सांगा. आमच्याकडे आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. ती कुठली परीक्षा देऊन आलेली नसते, पण मांडवात तिच्यावाचून पान हलत नाही.

नियमबोट

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचा असं आहे. मग हे ओझं वर्गशिक्षकावर का?

पेन्शनीत_मास्तर

कारण पहिली ते पाचवीला ती तरतूद नाही, आणि परिपाठ रोज असतो. परिपाठ हाच खरा संगीताचा तास! राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, पण उचलणाऱ्यानं पट्टी चढी धरली की 'जय हे'च्या तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, सगळी शाळा किंचाळते. ताई, तुमच्या ३४ जणांना दुसरं काही नाही जमलं तरी राष्ट्रगीताचा पहिला सूर योग्य पट्टीत द्यायला शिकवा. रोज उपयोगी पडेल.

सुरपेटी (ठाणे)

सगळ्यांचे आभार. दुसरा शनिवार झाला, म्हणून लिहितेय.

पेटी उघडलीच नाही. पाऊण तास नुसत्या टाळ्या. पखवाजवाल्याला पुढे उभा केला, तो माझ्यापेक्षा बरा शिकवतो हे कबूल करायला थोडं जड गेलं. वह्या बंद होत्या, 'परीक्षेला येणार का' कुणी विचारलं नाही. मग प-ग. पांढरी दोनला मुलींचे आवाज मोकळे सुटले. मुलगे खालच्या सप्तकात होते, एकाला खोट्या आवाजात सूर द्यायला लावला. मास्तर, हसले सगळे, पण सूर उचलला.

घरचं गाणं पाच जणांनी आणलं. एकानं आत्याकडून आवणीचं (भातलावणीचं) गाणं शिकून आणलं होतं, तीन स्वरांत फिरणारं. तेच सगळ्यांनी बसवलं, त्यानंच शिकवलं, ओळ ओळ. त्याची पट्टी मध्येच सरकली. टोकायला माझं तोंड उघडलं होतं, मिटून घेतलं. ओठ हलवणाऱ्या अकरा जणांतलं कोण गायलं आणि कोण नाही, ते मला कळायचा मार्ग नाही. चिठ्ठ्यांवर नावं नव्हती.

टाचणांचंही ठरवलंय. प्रत्येकानं एकच गाणं घ्यायचं, पट्टी लिहायची, पहिला सूर कसा देणार ते लिहायचं, आणि गाणं कोणत्या स्वरापासून कोणत्या स्वरापर्यंत जातं ते. प्राचार्यांना 'उद्दिष्टे'चा रकानाही हवा आहे, तो भरून टाकू.

आता नवी अडचण. पुढच्या शनिवारी जवळच्या शाळेत सहावीवर सराव पाठ आहे, ४८ मुलं, आणि भिंतीपलीकडे गणिताची चाचणी. मैदान मिळेल असं मुख्याध्यापिका म्हणाल्यात, पण उघड्यावर आवाज विरून जातो. खंजिऱ्या किंवा छोटे टाळ असते तर बरं झालं असतं. आमच्या गल्लीतलं भजनी मंडळ टाळ द्यायला तयार आहे, पण शनिवारी त्यांचंच भजन असतं. ठाणे, कळवा, ऐरोली भागात कुणाकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दहा जोड पुरतील, मी स्वतः येऊन नेईन आणि रविवारी पोचते करीन.