मदतनीस नसताना शूट कसं सांभाळायचं?

उजेडवेडा: फ्रीलान्स फोटोग्राफी करतो, कार्यक्रमांची आणि प्रॉडक्टची. मदतनीस परवडत नाही. दिव्याच्या स्टँडकडे बघू की कॅमेऱ्याकडे, अशी ओढाताण होते. नंतर कॉपी, निवड, एडिटिंग सगळं एकाच डोक्यावर. ऐन तारखेला आजारी पडलो तर? एकट्याने काम करणारे हे कसं बसवतात?

तिपाई: आधी स्टँड, कारण तो माणसांवर पडतो. पाय पूर्ण फाकवा आणि दिव्याचा भार जिकडे झुकलाय, एक पाय बरोबर त्याच दिशेला ठेवा. वाळूची पिशवी लोंबती हवी. ती जमिनीला टेकली की तिचं वजन जमीन घेते, स्टँडला काहीच मिळत नाही. हे बरेच जण चुकतात.

उघड्यावर फ्लॅशला उजेड मऊ करणारी छत्री लावूच नका. वाऱ्यात तिचं शीड होतं आणि धरायला कोणी नसतं. नुसता फ्लॅश वापरा, सावल्या कडक येतील तेवढं चालवून घ्या. फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरवरून (फ्लॅश दुरून उडवणारं यंत्र) बदलता आली पाहिजे, नाहीतर दर वेळी स्टँडपर्यंत फेऱ्या. स्टँड एका जागी आणि माणसं साधारण ठरलेल्या अंतरावर असतील तर मॅन्युअल, म्हणजे पॉवर तुम्ही ठरवायची. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल आणि तुम्ही हिंडत असाल तर टीटीएल, म्हणजे कॅमेरा लेन्समधून आलेला उजेड मोजून पॉवर स्वतः ठरवतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मॅन्युअलवर हे विसरलात की मागच्या रांगेतले चेहरे काळे.

दोन_कार्ड: कॅमेऱ्यात कार्डाचे दोन स्लॉट असतील तर सेटिंग ‘बॅकअप’ करा. ‘ओव्हरफ्लो’वर पहिलं कार्ड भरल्यावरच दुसरं वापरलं जातं, प्रत निघतच नाही. दोन्ही कार्डं सारख्या वेगाची घ्या, कारण बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो साठतात ती कॅमेऱ्यातली मेमरी) रिकामा होतो तो मंद कार्डाच्या वेगाने.

दोन कॅमेरे असतील तर निघण्याआधी घड्याळं जुळवा, नाहीतर वेळेनुसार लावलेले फोटो उलटसुलट होतात. फाइलच्या नावाची सुरुवातीची अक्षरंही वेगळी ठेवा. एकाच नावाच्या दोन फाइल एका फोल्डरमध्ये आल्या आणि घाईत ‘रिप्लेस’ दाबलं की एक गेली.

दोन वेगळ्या डिस्कवर प्रती होऊन त्यातल्या काही फाइल मोठ्या करून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फाइलींची संख्या जुळली म्हणजे फाइल उघडतेच असं नाही. तिसरी प्रत घराबाहेर.

करारपत्र: आजारपणाचं उत्तर करारात लिहा: ‘मी येऊ शकलो नाही तर त्याच दर्जाचा फोटोग्राफर पाठवीन, तेही न जमल्यास आगाऊ रक्कम परत.’ हे लिहिताना दोन-तीन सहकाऱ्यांशी बोलणं झालेलं हवं. वेळ, पत्ता, संपर्क आणि हव्या असलेल्या फोटोंची यादी एका पानावर तयार ठेवा, म्हणजे तापात फोनवर समजावत बसावं लागत नाही. त्याने काढलेल्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) तुमच्याकडे येणार आणि एडिट तुम्ही करणार, हेही आधीच ठरवा. वाद तिथेच होतात.

एडिटिंगला विचारायला कोणी नसतं, आणि डोळा रंगाला सरावतो. काही तासांनी पिवळटपणा दिसेनासा होतो. सुरुवातीला नीट जमलेला एक फोटो बाजूला उघडा ठेवून त्याच्याशी ताडत राहा, आणि पाठवण्याआधी सकाळी पुन्हा बघा.

उजेडवेडा: माझ्या कॅमेऱ्याला एकच स्लॉट आहे.

दोन_कार्ड: मग एक मोठं कार्ड नको, मध्यम आकाराची तीन-चार घ्या. भरायची वाट न पाहता कार्यक्रमातल्या मोकळ्या वेळी बदला. काढलेलं कार्ड बॅगेत नाही, अंगावरच्या चेनच्या खिशात. वायफाय असेल तर महत्त्वाच्या क्षणांचे जेपेग तिथल्या तिथे फोनवर घ्या.