'पेगन'ला मराठीत काय म्हणायचं?

खडूफळा: दिवाळी अंकासाठी एका लेखाचं भाषांतर करतोय. विषय ईस्टर, नाताळ आणि इंग्रजी वारांची नावं. 'पेगन', म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीचे जुने देव मानणारा, या शब्दापाशी गाडी अडली आहे. आधी 'मूर्तिपूजक' लिहिलं. संपादकबाईंनी समासात विचारलं, "मग चर्चमधला मेरीचा पुतळा?" 'पाखंडी' केलं तर म्हणाल्या शिवी वाटते. वैतागून 'ख्रिस्तपूर्व' केलं, तर वाक्य असं झालं: "इसवी सन ७२५ मध्ये बीड याने एका ख्रिस्तपूर्व देवीचा उल्लेख केला आहे." सुचवा काहीतरी.

ताकभात: बीड वाचून मी थेट मराठवाड्यात पोचले. कोण हा?

खडूफळा: इंग्लंडमधला ख्रिस्ती मठवासी. आमच्याकडे पूर्वी एका महिन्याला एओस्त्रे देवीचं नाव होतं, असं त्याने लिहून ठेवलंय. ईस्टर तिथून आलं म्हणतात.

ताकभात: मग 'निसर्गपूजक' लिहा की.

खडूफळा: थॉरला चालेल, तो मेघगर्जनेचा देव. गुरुवार त्याच्या नावाचा. पण जानेवारी ज्याच्यावरून आला तो जानुस दारांचा देव. दार कुठला निसर्ग?

मोडीवाचक: मुळात जा. लॅटिन 'पागुस' म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख, 'पागानुस' म्हणजे खेडूत. शहरं ख्रिस्ती झाली, खेड्यांत जुने देव टिकले, म्हणून तो अर्थ आला असं एक मत. दुसरं मत असं की रोमन फौजेत बिनलष्करी माणसाला पागानुस म्हणत, आणि जो ख्रिस्ताच्या फौजेत नाही तोही मग पागानुस. मला पहिलं पटतं. आमच्या बांधावर म्हसोबा आहे, शेंदराचे थर इतके की दगड दिसत नाही. शहरातला चुलतभाऊ त्याच्यापुढे नारळ फोडतो, पण हात लगेच रुमालाला पुसतो. 'गावदेवाचा धर्म' लिहा.

अनुस्वार: ज्युपिटरचं देऊळ ऐन रोममध्ये कॅपिटोल टेकडीवर होतं, बांधावर नव्हे! 'पाखंडी'च योग्य. गिरनारच्या बाराव्या लेखात अशोक 'सव पासंडानि' म्हणतो, म्हणजे सगळे पंथ, आणि त्यांचा मान राखतो. शब्दाला शिवी मागाहून चिकटली. आपण ती धुऊन काढायची.

ताकभात: अशोक दिवाळी अंक विकत घेणार आहे का? वाचणाऱ्याला आज शिवीच ऐकू येणार.

अनुस्वार: वाचणाऱ्याला जे ऐकू येईल तेच लिहायचं तर कोश कशाला छापायचे?

वसईकर: मुळात तुमच्या लेखाचा मुद्दाच लंगडा आहे. बीड सोडला तर त्या देवीबद्दल कोणीच काही सांगत नाही. आणि ते नाव इंग्रजी-जर्मनपुरतं. ग्रीकमध्ये 'पास्खा', फ्रेंचमध्ये 'पाक', सगळं ज्यूंच्या सणाच्या हिब्रू नावावरून, 'पेसाह'वरून. आमच्या घरी पास्काचा सणच म्हणत, ईस्टर मी शाळेत शिकलो. मराठी बायबलात पेसाहला 'वल्हांडण' आहे. दारांच्या चौकटींना कोकराचं रक्त लावलेलं, ती घरं ओलांडून मृत्यू पुढे गेला, त्याची आठवण.

ताकभात: अय्या, वल्हांडण! मी लहानपणी समजायचे की लोक समुद्रातून वल्ही मारत सुटले, म्हणून वल्हांडण.

मोडीवाचक: वल्ह्याशी काही संबंध नाही हो, 'वलांडणे'वरून आहे. आमच्याकडे अजून म्हणतात, "पसरलेले पाय वलांडू नको."

खडूफळा: वसईकर, नाताळचं काय मग? तो पोर्तुगीज 'नाताल'वरून, मूळ लॅटिन 'नातालिस', जन्माचा. सन ३५४ च्या रोमन पंचांगात २५ डिसेंबरपुढे 'नातालिस इन्विक्ती' असं आहे, म्हणजे अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस. इंग्रजीतल्या नावात निदान ख्रिस्त तरी आहे. मराठीत राहिला नुसता जन्म.

वसईकर: त्याच पोथीत ख्रिस्तजन्माचीही तीच तारीख आहे, ते का गाळलं? कोणी कोणाचं उचललं यावर विद्वान अजून भांडताहेत.

अनुस्वार: उचलाउचलीचं निघालंच आहे तर वार आपले आहेत. होऱ्यांवरून, म्हणजे दिवसाच्या तासांवरून, वार ठरले आणि होरा म्हणजे 'अहोरात्र', पुढचं-मागचं अक्षर गाळून.

मोडीवाचक: ही व्युत्पत्ती देताना जुना ज्योतिषी वराहमिहिरसुद्धा 'एके' म्हणतो, म्हणजे "काही जण असं मानतात". स्वतःच्या नावावर घेत नाही. होरा ग्रीक आहे. आपल्याकडच्या शिलालेखांतला अगदी जुन्यांपैकी एक वार मध्य प्रदेशातल्या एरणच्या, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातल्या लेखात आहे, सन ४८४, गुरुवार.

शितकडी: गोव्याहून लिहितोय. पोर्तुगीजांच्या सोमवार ते शुक्रवारात देवच नाहीत, नुसते आकडे: सेगुंदा-फेयरा, तेर्सा-फेयरा. दुसरा, तिसरा. सहाव्या शतकात ब्रागाच्या मार्टिन नावाच्या बिशपाने जुन्या देवांची नावं वारांना नकोत म्हणून आवाज उठवला होता. तेच लोक १५१० पासून १९६१ पर्यंत इथं बसले, पण आमचे वार होते तेच: सोमार, मंगळार, बुधवार, बिरेस्तार, शुक्रार, शेनवार, आयतार. शेजारच्या आंतीनं परवाच निरोप दिला, बिरेस्तारा खुरसाकडे लादीन आहे, ये. बृहस्पतीच्या वारी क्रुसापुढे प्रार्थना, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

ताकभात: बिरेस्तार म्हणजे आमच्या आजीचा बेस्तरवार! त्या दिवशी ती डोक्यावरून पाणी घेऊ द्यायची नाही.

मोडीवाचक: बेस्तवार. मधे र नाही.

अनुस्वार: र हवाच. 'बृ'मधला र आहे तो, मागे सरकलेला.

मोडीवाचक: तुमच्याकडे सरकला असेल. आमच्या बाजारच्या गावाला विचारा, बेस्तवारचा बाजार म्हणतात.

खडूफळा: माझी मावशी पण बेस्तवारच म्हणायची, र नाही. मात्र रविवारला ती 'आईतवार' म्हणे, 'ऐतवार' नाही. तुमच्याकडे कसं?