मदत हवी आहे: साहेबांचा निर्णय पटत नाही, पण माणूस सोडवत नाही

नमस्कार मंडळी. 22 वर्षं एकाच नेत्याबरोबर काम करतोय. गेल्या महिन्यात त्यांनी पक्ष बदलला. ज्यांच्याविरुद्ध आम्ही दारोदार फिरलो, त्यांच्याच व्यासपीठावर आता साहेब बसतात. मला हे अजिबात पटलेलं नाही.

पण माझे वडील अतिदक्षता विभागात होते, तेव्हा रात्री दोन वाजता बाकावर माझ्या शेजारी बसून राहिलेला माणूस हाच. हातात गार झालेला चहा, तोंडातून शब्द नाही. ते कसं विसरू? परवा नव्या पक्षाचं उपरणं घरी आलं. जुन्याच्या शेजारी घडी करून ठेवलंय, गळ्यात घालायला हात धजावत नाही.

1956 साल सारखं डोक्यात घोळतं. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. यशवंतराव चव्हाण मात्र नेहरूंबरोबर राहिले, लोकांचा रोष सोसला, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. दोघांपैकी कुणालाच चूक म्हणवत नाही, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

मी निवडून आलेला सदस्य नाही, त्यामुळे पक्षांतरबंदी कायद्याचा प्रश्न नाही. प्रश्न मनाचा आहे. तुमच्यापैकी कुणी नेत्याला तोंडावर 'साहेब, हे चुकलं' असं सांगून नातं टिकवलंय का? एकट्याने भेटून बोललात, की पत्र लिहिलंत? आणि प्रचाराला येणार नाही, हे कोणत्या शब्दांत सांगितलंत? रविवारी मेळावा आहे, त्याआधी मला त्यांच्याशी बोलायचंय.