‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी: जुन्या कॉम्प्युटरच्या हटून बसलेल्या सेटिंगचे तुमचे अनुभव सांगा

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या घरी अण्णांचा कॉम्प्युटर आहे. 2010 मध्ये असेंबल करून घेतलेला, विंडोज 7. अण्णा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले आणि त्यानंतर रोज संध्याकाळी त्यावर आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत टाइप करत बसतात. गेल्या दहा दिवसांपासून चालू केला की डेस्कटॉप कोरा. काळारामाच्या देवळाचा फोटो लावलेला असतो तो जातो, आयकॉन जातात, आणि खाली उजव्या कोपऱ्यात फुगा येतो: ‘यू हॅव बीन लॉग्ड ऑन विथ अ टेम्पररी प्रोफाइल’, म्हणजे अण्णांच्या नेहमीच्या मांडणीऐवजी तात्पुरती, कोरी मांडणी उघडलीय. अण्णा पुन्हा फोटो लावतात, आयकॉन जागच्या जागी मांडतात, आणि सकाळी परत पाटी कोरी. दोन संध्याकाळी टाइप केलेली फाइल त्यांनी डेस्कटॉपवर ठेवली होती, तीही गेली. दुरुस्तीवाल्याने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं.

मला ते पटत नाही. ज्यांच्या घरचा जुना कॉम्प्युटर असा अडून बसला होता त्यांनी सविस्तर लिहा. पडद्यावर नेमके शब्द काय होते, दोष शेवटी कुठे निघाला, आणि त्या भानगडीत काय गमावलं.

सातपूर

आमचा विंडोज एक्सपी होता. मुलाने झेरॉक्सच्या दुकानातून प्रोजेक्टची प्रिंट आणली आणि पेनड्राइव्हमधून व्हायरस आला. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायला गेलो की पाटी यायची, ‘युवर सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हॅज डिसेबल्ड लॉन्चिंग ऑफ द डिस्प्ले कंट्रोल पॅनेल’. घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मी एकटाच आणि मी काहीच बंद केलेलं नव्हतं. टास्क मॅनेजर बंद, रजिस्ट्री एडिटरही (विंडोजच्या आतल्या नोंदी बदलायचं साधन) बंद.

हार्डडिस्क काढून भावाच्या मशीनला जोडली, स्कॅन केली, व्हायरस गेला. कुलपं मात्र तशीच. हे मला फार उशिरा समजलं: व्हायरस काढला म्हणजे त्याने बदललेली सेटिंग आपोआप मागे येत नाहीत. आमचा एक्सपी प्रोफेशनल होता म्हणून ग्रुप पॉलिसीतून आधी रजिस्ट्री एडिटर उघडता केला, मग ‘नोडिस्पसीपीएल’ नावाची नोंद शोधून पुसली. पाटी पुन्हा आली नाही.

नाशिकरोड

रोज सकाळी तारीख 1 जानेवारी 2002. बँकेची साइट उघडेना, प्रत्येक वेळी सर्टिफिकेट चुकीचं म्हणायची. सगळ्यांनी ब्राउझरला दोष दिला. खरा दोष चुकलेल्या तारखेचा, आणि तारीख चुकायची कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, सीआर2032, 3 व्होल्टची. बदलली, बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचं सेटिंगचं पान) जाऊन तारीख लावली, संपलं.

पंचवटी

माझं लग्नपत्रिकांचं डीटीपीचं काम आहे, रविवार कारंजापासून जवळच. पूर्वी सगळं जुन्या फॉन्टमध्ये चालायचं. मग गिऱ्हाइकं मजकूर मेलवर युनिकोडमध्ये पाठवायला लागली आणि माझ्या एक्सपीवर मराठीच्या जागी नुसते चौकोन. कधी अक्षरं दिसलीच तर ‘कि’ची वेलांटी क च्या मागे पडायची, जोडाक्षरं सुटी. नवरीचं नाव असं पाहिलं की पोटात गोळा यायचा, कारण छापून गेलं तर ते घरच्यांच्या कपाटात कायम राहतं.

मी फॉन्टमागून फॉन्ट टाकत राहिले. दोष फॉन्टचा नव्हताच. एक्सपीमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची एक चौकट असते, तिला टिक केल्याशिवाय देवनागरी नीट जुळत नाही. टिक केली तर सीडी मागते. सीडीवर चरा. नेमकी फाइल कॉपी होताना अडकायची आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणून सगळं मागे फिरायचं. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. शेवटी ओळखीच्या एका सरांकडच्या चांगल्या सीडीवरचं ‘आय386’ हे फोल्डर पेनड्राइव्हवर आणलं, डी ड्राइव्हवर ठेवलं, आणि सीडी मागितली तेव्हा तो पत्ता दिला. मशीन रीस्टार्ट झाल्यावर पहिला शब्द उघडला तो ‘श्रीगणेशाय’. श्र आणि ण जागच्या जागी. मी खुर्चीतून उठून सासूबाईंना बोलावलं.

देवळाली कॅम्प

19 इंची मॉनिटर, 1440 बाय 900 चा. एक दिवस कॉम्प्युटर घराच्या रंगकामासाठी हलवला आणि त्यानंतर 1024 बाय 768 च्या वर पर्यायच दिसेना. अक्षरं ताणलेली, वडिलांना पेपर वाचता येईना. ग्राफिक्स ड्रायव्हर काढून घातला, जुना घातला, नवा घातला, तीन आठवडे हेच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरचं नाव ‘जेनेरिक नॉन-पीएनपी’ येत होतं, ते मी वाचूनही सोडून दिलं. खरं उत्तर त्यातच होतं.

व्हीजीए केबलला 15 पिनांची जागा असते. त्यातल्या 12 आणि 15 नंबरच्या पिनांवरून मॉनिटर आपली माहिती कॉम्प्युटरला कळवतो. चित्र मात्र वेगळ्या पिनांवरून येतं, म्हणून पडदा छान दिसतो आणि संशय येत नाही. टॉर्च लावून बघितलं तर 12 नंबरची पिन शेजारच्या पिनेवर आडवी झोपलेली. लिहून संपलेल्या बॉलपेनची रिफिल कापली, पोकळ नळी त्या पिनेवर सरकवली आणि हळू उभी केली. केबल लावल्याबरोबर 1440 यादीत हजर. (9 नंबरची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते. ती नाही म्हणून घाबरू नका.)

पिंपळगाव बसवंत

विंडोजऐवजी उबुंटू वापरतो. लॉगिन केलं की ‘आयसीईऑथॉरिटी’ फाइल अपडेट करता येत नाही म्हणायचं आणि सेटिंग टिकत नव्हती. जागा संपली असेल असं वाटलं, द्राक्षबागेचे फोटो भरपूर आहेत. पण डिस्क अर्धी रिकामी. कधीतरी सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने) फाइल मॅनेजर उघडला होता, त्यात माझ्याच फोल्डरमधल्या त्या फाइलची मालकी रूटकडे, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे, गेली होती. सीएचओन कमांडने परत माझ्या नावावर केली.

कॉलेज रोड

मी फॉरमॅट मारू दिला. तेही वॉलपेपर आणि आयकॉन सारखे उडतात एवढ्यासाठीच. ‘डी ड्राइव्हला हात लावणार नाही’ असं सांगितलं होतं आणि लावला नाहीच. पण आईने म्हटलेल्या ओव्या मी माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवल्या होत्या, आणि ते सी ड्राइव्हवर असतं हे मला माहीत नव्हतं. आई 2013 मध्ये गेली. ताई, अण्णांची एकेक फाइल बाहेर काढेपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका.

सिडको

मी दुरुस्तीचंच काम करतो. ताई, फॉरमॅटची गरज नाही, आधी हे करा.

अण्णांना सांगा, फुगा येतोय तोवर डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये काही ठेवायचं नाही, लॉग ऑफ झालं की पुसलं जातं. लिहिलेलं डी ड्राइव्हवर ठेवा. जुन्या फाइली बहुतेक जागेवरच असतील: सी ड्राइव्ह, यूजर्स, अण्णांच्या नावाचं फोल्डर. ते सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

मग रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्शन, प्रोफाइललिस्ट इथपर्यंत जा. एस-1-5-21 ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावाच्या दोन सारख्या नोंदी दिसतील, एकीच्या शेवटी ‘.बीएके’. बीएकेवाली अण्णांची खरी. बिनशेपटीच्या नोंदीला वेगळी शेपटी लावा, खरीची शेपटी काढा, तिच्यातले ‘स्टेट’ आणि ‘रेफकाउंट’ शून्य करा, रीस्टार्ट करा. काही करण्याआधी रजिस्ट्री एक्स्पोर्ट करून ठेवा.

पण एवढ्यावर थांबू नका. लॉगिनच्या वेळी अण्णांची प्रोफाइल फाइल वाचता आली नाही म्हणून विंडोजने तात्पुरती दिली. ती का वाचता आली नाही? इतक्या जुन्या मशीनमध्ये माझा पहिला संशय हार्डडिस्कवर. कॉपी करून झाल्यावरच चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासायची सोय) लावा, आधी नाही. मरायला टेकलेली डिस्क त्या तपासणीतच जाऊ शकते. आणि विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 नंतर अपडेट नाहीत, बँकेचं काम त्यावर नको.

इंदिरानगर, धागा काढणारी

दादा, काल रात्री केलं. कॉपीला अडीच तास लागले, मधे दोन फोटो वाचले गेले नाहीत, बाकी सगळं आलं. कुळवृत्तांताची मूळ फाइल डॉक्युमेंट्समध्ये शाबूत होती. शेपटी काढून रीस्टार्ट केलं आणि काळाराम मंदिर समोर आलं, आयकॉन अण्णांनी मांडले होते तसेच. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसून थेट फाइल उघडून बसले.

चेकडिस्कने बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले भाग, दाखवले, तुमचा संशय बरोबर होता. उद्या एम.जी. रोडला नवी डिस्क, एसएसडी, आणायला जातेय. सध्याची डिस्क 320 जीबीची आहे आणि 90 जीबी भरलीय. 240 ची पुरेल, की 480 ची घेऊ? आणि त्या दोन संध्याकाळींची फाइल डेस्कटॉपवरून पुसली गेली, ती परत मिळण्याची काही आशा आहे का? त्यात आमच्या पणजीच्या माहेरची नावं होती, आणि ती अण्णांना आता पुन्हा आठवत नाहीयेत.